वितळायची राहिलेली सळई

नाही, नाही, मला विणकामाच्या टोपलीत शोधू नका. मी स्वेटर विणत नाही. मी छत्रीची काडी नाही आणि सायकलच्या चाकातली तार तर मुळीच नाही. मी आहे वेल्डिंगची सळई. माझी गोष्ट मला आजच सांगायची आहे, कारण आज सकाळी जे घडलं ते पोटात ठेवणं मला शक्यच नाही. पोट नसलं म्हणून काय झालं!

पण आधी सुरुवातीपासून सांगते. एकदम शेवट सांगितला तर तुम्हाला त्यातली मजा कळायची नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलाद तापवायचं, बारीक भोकातून ओढायचं, मग त्याहून बारीक भोकातून ओढायचं, असं करत करत मला सडसडीत केलं गेलं. उंचीला मी एखाद्या माणसाच्या छातीपर्यंत यायचे आणि जाडीला पेन्सिलीतल्या शिशाएवढी होते. गंज म्हणजे काय ते मला माहीतच नाही. माझ्यासारख्याच बहिणींबरोबर मला एका कागदी नळकांड्यात भरलं आणि आम्ही पोहोचलो आत्यांच्या दुकानात.

आत्या खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं आणि जिन्यांचे कठडे बनवतात. त्या खरं तर एकाच मुलीच्या आत्या. पण ती मुलगी लहानपणी रोज दुकानाच्या पायरीवर बसून ‘आत्या, आत्या’ अशा हाका मारायची. ते ऐकून ऐकून अख्खा रस्ता त्यांना आत्या म्हणायला लागला. समोरचे पांढऱ्या मिशांचे चष्मेवालेसुद्धा!

आमच्या कुळाचं आयुष्य फार लहान असतं. आत्या काळ्या काचेचा मुखवटा खाली ओढतात, एका हातात ज्योत धरतात आणि दुसऱ्या हातात आमच्यापैकी एखादीला. मग ती लखकन चमकते, तिचा थेंब होतो आणि लोखंडाच्या दोन तुकड्यांमधल्या फटीत ती कायमची जाऊन बसते. वाईट वाटायचं का? खरं सांगू? नाही. नळकांड्यात आम्ही एकमेकींना सांगायचो, ‘मी एखाद्या उंच जिन्यात जाणार.’ ‘मी शाळेच्या फाटकात जाणार.’ आपण विरघळून दोघांना धरून ठेवायचं, याहून मोठं काम कुठलं?

एकेक करत बहिणी गेल्या. एक दिवस नळकांड्यात मी एकटीच उरले. आत्यांनी मला उचललं. मुखवटा खाली आला. ज्योत निळी झाली. मी मनातल्या मनात ताठ उभी राहिले.

“आत्या, थांब!”

ज्योत बाजूला झाली. मुखवटा वर गेला.

“अगं ओरडतेस काय अशी? हात भाजला असता माझा!”

दारात ती मुलगी उभी होती. आता ती मोठी झाली होती. लहानपणी ती कायम मान खाली घालून जमिनीकडे बघत चालायची, म्हणून आत्या तिला मुंगी म्हणायच्या. बोलायचीही मुंगीएवढंच. गावाच्या टोकाला एक वनस्पती संशोधन केंद्र आहे, तिथे ती शिकत होती आणि कामही करत होती.

“ती सळई मला दे,” मुंगी म्हणाली.

“एवढी लांब? कुणाचे कान कोरणार आहेस? हत्तीचे?”

“पानं मोजायला हवी आहे.”

“बोटांनी नाही मोजता येत? शाळेत तर यायची.”

मुंगी हसली आणि आत्यांच्या शेजारी स्टुलावर बसली. जगात ती मोकळेपणाने बोलायची ती फक्त आत्यांशीच. त्या दिवशी तिने जे सांगितलं ते मी कान नसतानाही कान देऊन ऐकलं.

केंद्राच्या मागे कुंपण घातलेलं एक झुडपांचं रान होतं. झुडपं माणसाच्या गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. पानं तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी आणि चिकट. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, काय हे खुरटं, निकामी रान! पण ती झुडपं इतकी सावकाश वाढतात, की ज्याचं खोड अंगठ्याएवढं जाड ते झुडूप मुंगीपेक्षा वयाने मोठं असायचं.

झुडपाच्या पानांचा पसारा किती आहे, म्हणजे सगळी पानं शेजारी शेजारी पसरली तर किती जागा व्यापतील, हे केंद्रातले मोठे सर दर वर्षी मोजायचे. पानं म्हणजे झुडपाचं नाक आणि स्वयंपाकघर दोन्ही. त्यांचं माप कळलं, की रान हवेतून किती घेतं आणि जमिनीतलं किती पाणी उडवून टाकतं ते समजतं. मोजायची रीत सोपी होती. झुडपं जमिनीलगत कापायची, एकूण एक पान खुडायचं आणि सरकत्या पट्ट्याच्या यंत्रातून काढायचं. रानाचे पट्टे आखलेले होते. दर वर्षी एक पट्टा कापला जायचा. कापलेल्या पट्ट्यांत पुन्हा काही उगवलं नव्हतं. तिथली जमीन फार कोरडी होती.

“आता एकच पट्टा उरलाय,” मुंगी म्हणाली. “मोजून मोजून संपवलं गं आम्ही ते रान.”

 आत्यांनी मला बोटांवर तोलून पाहिलं.

“आणि ही काय करणार त्यात?”

“हिला झुडपात हळूच सरकवायचं. वाटेत पान लागलं की मोजायचं. एक. पुढे सरकवायचं. दोन. असं जमिनीपर्यंत. मग जागा बदलून पुन्हा. बऱ्याच ठिकाणी असं केलं आणि सरासरी तीन पानं लागली, तर त्या झुडपाखालच्या जमिनीवर पानांचे तीन थर आहेत असं समजायचं. कापायला नको, खुडायला नको.”

“झुडूप ‘आई गं’ म्हणत नाही?”

“त्याला कळतही नाही, आत्या.”

आत्यांनी मला तिच्या हातात दिलं. “घेऊन जा. माझं फाटक उद्या होईल.”

आणि मी वितळायची राहिले! त्या एका क्षणात माझं सगळं भविष्य बदललं. उंच जिना नाही, शाळेचं फाटक नाही. मी झुडपात शिरणार होते!

आत्यांनी मला एक घोडीही करून दिली, म्हणजे तीन पायांवर बसवलेली एक बारीक नळी. मी त्या नळीतून सरकायचे. नळी तिरकी होती, कारण बरीच पानं उभी लटकतात. मी सरळ वरून खाली गेले असते तर त्यांच्या अंगाला न लागताच निसटले असते. तिरकं गेलं की उभी-आडवी सगळी पानं भेटतात.

मोठ्या सरांनी घोडी चारही बाजूंनी पाहिली. ते उंच होते, थोडे वाकलेले, आणि त्यांच्या खिशात कायम छाटणीची कात्री असायची. मला त्यांची भीती वाटेल असं वाटलं होतं, पण त्यांनी मला इतक्या हळुवारपणे उचललं की माझी भीतीच पळाली.

“कल्पना चांगली आहे,” ते म्हणाले. “पण कल्पनेला मी वर्षाचा आकडा देऊ शकत नाही. असं करू. उरलेल्या पट्ट्याच्या कडेची तीन झुडपं घे. आधी तुझी सळई मोजेल, मग आपण ती झुडपं कापू आणि यंत्र मोजेल. आकडे जुळले तर पट्टा राहील. नाही जुळले तर पानगळीच्या आधी तो कापावा लागेल. पानं गळून गेल्यावर मी काय मोजू? काटक्या?”

मुंगीने मान हलवली. 

पहिलं झुडूप! ती सकाळ मी कधी विसरणार नाही. घोडी उभी राहिली. मुंगी गुडघ्यांवर बसली आणि मला नळीतून खाली सोडू लागली. बाहेर इतका उजेड होता आणि आत हिरवा अंधार. वास तर असा, की दुकानातला तापल्या लोखंडाचा वास मी विसरूनच गेले. आणि मग पान लागलं! माझ्या आयुष्यातलं पहिलं पान. थंड, चिकट आणि इतकं मऊ, की मला वाटलं आपण चुकून त्याला दुखवलं. पण ते जरासं हललं आणि पुन्हा जागेवर आलं.

“एक,” मुंगी कुजबुजली.

मग दोन, तीन, चार! मला तर आनंदाचं भरतं आलं. इकडे पान, तिकडे पान, जिथे जावं तिथे पान! एक कोळी माझ्या अंगावर चढून वरपर्यंत येऊन गेला. एका मुंगळ्याने मला पूल समजून रस्ता ओलांडला. संध्याकाळपर्यंत मी डिंकाने चिकचिकीत झाले होते आणि मला वाटत होतं, इतकी पानं शोधणारी माझ्यासारखी दुसरी कुणी नसेल.

मग कापायची वेळ आली. मुंगीने ते स्वतः कापलं. कात्री तिने जमिनीलगत न लावता बोटभर वर लावली.

“बोटभर बुंधा ठेवलास,” सर म्हणाले.

“तिथे पान नाही, सर. यंत्राला द्यायला तिथून काही मिळणार नाही.”

सर वाकले, बुंधा पाहिला आणि “बरं” म्हणून निघून गेले.

यंत्राने आकडा दिला आणि सरांनी तो माझ्या आकड्याशेजारी मांडला. माझा आकडा यंत्राच्या जवळजवळ दुप्पट होता.

“तुझी सळई जरा वाढवून सांगते,” सर म्हणाले. त्यांनी ते चिडवण्यासाठी म्हटलं नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एकही खोटं पान सांगितलं नव्हतं हो! जेवढी लागली तेवढीच सांगितली होती.

मुंगी मला घेऊन दुकानात आली आणि स्टुलावर बसली. बराच वेळ ती ओल्या फडक्याने मला पुसत होती. आत्यांनी तिच्यासमोर चहाचा कप ठेवला.

“किती बोलली म्हणे?”

“दुप्पट.”

“माझ्या दुकानातली ना ती! कमी कशी बोलेल?” आत्या म्हणाल्या. मुंगी हसली नाही, तेव्हा त्या फाटकाला रंग देऊ लागल्या. कोपऱ्यातलं रिकामं नळकांडं मला दिसत होतं. माझं काम फसलं तर मी परत तिथेच जाणार होते. आश्चर्य म्हणजे, आता मला वितळायचं नव्हतं!

मुंगी पुसता पुसता थांबली. तिने माझं खालचं टोक डोळ्यांजवळ नेलं. माझं टोक तेव्हा सपाट होतं, कापलेल्या काठीसारखं. त्या सपाट टोकाच्या कडेला डिंकाची एक गोल कड चढली होती. मधोमध मात्र थोडासाच डिंक होता.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “दोन पानांच्या मधे फट असली तर मुंगी जाईल का?”

“जाईल की.”

“आणि हत्ती?”

“हत्ती दोन्ही पानं घेऊनच जाईल. का गं?”

“मग ही हत्ती आहे!” मुंगी ताडकन उठली आणि चहाचा कप लवंडला. “पानं केवढीशी आणि त्यांच्या मानाने ही जाडी! फटीतून जाताना हिची कड दोन्हीकडच्या पानांना घासत गेली आणि मी वेडी प्रत्येक वेळी मोजत गेले. मोजायला हवा होता फक्त एक ठिपका! जाडी नसलेला ठिपका!”

मी? जाडी? जन्मभर मला सगळ्यांनी सडसडीत म्हटलं होतं. पण काय करणार, तांदळाएवढ्या पानाच्या डोळ्यांनी पाहिलं तर खरंच होतं ते. मोठं-लहान हे समोर कोण आहे त्यावर ठरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आत्यांनी रंगाचा ब्रश खाली ठेवला आणि ग्राइंडर सुरू केला. “आण इकडे. असं टोक करून देते, की मुंगीसुद्धा लाजेल.”

ठिणग्यांचा पाऊस पडला! मला दुखलं का? छे, गुदगुल्या झाल्या. शेवटी आत्यांनी टोकावर कानस फिरवली आणि मी निघाले सुईसारखी. आता नियमही नवा होता. टोक पानाला टेकलं तरच मोजायचं. अंग घासलं तर सोडून द्यायचं.

दुसऱ्या झुडपात मी शिरले ती वेगळीच होऊन. आधी मी गर्दीत धक्के मारत जाणाऱ्या माणसासारखी गेले होते. आता बारीक बारीक फटींतून कितीतरी वेळ कुणालाही न भेटता जात होते. मला आधी चुटपुट लागली, इतकी कमी पानं? पण मुंगीच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ती ओठ दाबून हसत होती.

तेही झुडूप कापलं गेलं आणि यंत्र चाललं. सरांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि परत पाहिला. माझा आकडा आणि यंत्राचा आकडा अगदी शेजारी शेजारी उभे होते.

“छान,” सर म्हणाले. “पण एकदा जुळलं तर तो योगायोगही असू शकतो.” आणि ते कात्री घेऊन तिसऱ्या झुडपाकडे निघाले.

मुंगी त्यांच्या मागून चालत होती. मी तिच्या मुठीत होते आणि ती मूठ घट्ट, आणखी घट्ट होत होती. सर वाकले.

“सर, कापू नका.”

माझा विश्वास बसेना. हा आवाज मुंगीचा होता!

“आपलं ठरलंय,” सर म्हणाले.

“तपासायचं ठरलंय. तपासूच.”

“मग पानं कुठून आणशील?”

“झुडूपच देणार आहे, सर. थोडं थांबायचं. पानगळ सुरू झाली, की एकूण एक पान आपोआप खाली येईल. ती सगळी गोळा करू आणि यंत्रातून काढू.”

“सुकलेली पानं आक्रसतात.”

“पाण्यात भिजवली की परत पसरतात. मी करून पाहिलंय.”

सर सरळ उभे राहिले. “आणि तुझा आकडा चुकला तर? तोवर पट्ट्यातलीही पानं गळून गेलेली असतील. मग कापून मला काय मिळणार? माझं अख्खं वर्ष कोरं जाईल. सुरुवातीपासून मी एकही वर्ष कोरं सोडलेलं नाही.”

“हो सर,” मुंगी म्हणाली.  “चुकलं तर कोरं जाईल.”

तिने खोटा दिलासा दिला नाही, हे मला फार आवडलं. सर कुंपणाकडे बघत राहिले. पलीकडे कापलेल्या पट्ट्यांची पांढुरकी जमीन होती.

“हे कुंपण मी माझ्या हातांनी घातलंय,” ते म्हणाले. “तेव्हा त्या टोकापर्यंत हिरवं होतं. मला काय कापायला मजा येते?” मग त्यांनी कात्री खिशात टाकली. “तुझ्या घरी मच्छरदाणी आहे का?”

मुंगीला उड्या मारायच्या होत्या. पण ती फक्त “आहे, सर,” म्हणाली आणि मला इतकं घट्ट धरलं, की मी वाकते की काय असं वाटलं.

मी तिसरं झुडूप मोजलं. सरांनी माझा आकडा तिला मोठ्या खोलीतल्या फळ्यावर खडूने लिहायला लावला, म्हणजे नंतर कुणाला तो बदलायचा मोह नको. मग आत्यांनी झुडपाभोवती चार दांड्यांचा सांगाडा उभा केला आणि त्यावर मच्छरदाणी चढली.

“झुडपाला डास फार चावतात वाटतं,” आत्या म्हणाल्या.

“उशी द्यायची राहिली,” सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले. आत्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. या माणसाला विनोद येतो, हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

पानगळ सुरू झाली. रोज जाळीच्या तळाशी पिवळी चिमुकली पानं साचायची. मुंगी ती हलक्या ब्रशने गोळा करायची. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका दुपारी वारा सुटला. असा तसा वारा नाही, पत्रे वाजवणारा! मी मुंगीच्या पाठीवरच्या पिशवीत उभी खोचलेली होते, कारण हात रिकामे हवे असले की ती मला तिथेच ठेवायची. त्यामुळे मला उंचावरून सगळं दिसलं.

जाळीचा एक कोपरा सुटला आणि फडफडायला लागला. मुंगीने झेप घेऊन तो धरला. “सर! कोपरा!” सर धावत आले आणि दुसरं काही न सुचून चक्क जाळीच्या काठावर मांडी घालून बसले. घोडी न्यायला आलेल्या आत्या तिसऱ्या बाजूला पालथ्या पडल्या.

“माझं वजन एवढं कामाला येईल असं वाटलं नव्हतं!” त्या ओरडल्या.

“हलू नका!” सर ओरडले.

“हलतंय कोण? तुमची टोपी हलली! ती बघा चालली!”

टोपी उडाली ती उडालीच. पण त्याच वेळी सुटलेल्या कोपऱ्यातून एक पान निसटलं. सरांनी टोपीकडे पाहिलंच नाही. ते उठले, त्यांच्या जागी आत्या लोळत आल्या, आणि सर त्या एवढ्याशा पानामागे पळत सुटले! उंच, वाकलेले सर, डोकं उघडं, एकदा इकडे एकदा तिकडे. शेवटी कुंपणाजवळ ते गुडघ्यांवर पडले आणि त्यांनी हात उंच केला.

“सापडलं!”

आम्ही तिघी आनंदाने ओरडलो. माझा आवाज कुणाला ऐकू आला नाही, एवढंच.

शेवटचं पान पडलं तेव्हा झुडूप नुसतं काटक्यांचं झालं होतं, पण उभं होतं, मुळांवर, जिवंत. पानं बादल्यांत भिजली, पसरली, टिपकागदावर निथळली आणि यंत्राच्या पट्ट्यावरून ओळीने गेली. मुंगी फळ्याकडे पाठ करून उभी होती. तिला बघवत नव्हतं. मी तिच्या पाठीवरच्या पिशवीतून वर डोकावत होते, त्यामुळे मला फळाही दिसत होता आणि यंत्रही. शेवटचं पान आत गेलं. काटा थांबला.

मला दिसलं! सगळ्यांच्या आधी मला दिसलं, आणि मला ओरडता येत नव्हतं!

“वळ,” सर म्हणाले. “वळून बघ तर.”

फरक होता, पण नखाएवढा. मुंगी खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सरांनी खिशातली कात्री काढली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

“गंजू दे आता तिला,” ते म्हणाले.

शेवटचा पट्टा राहिला. पुढच्या पानांच्या दिवसांत तो पुन्हा हिरवा झाला, आणि मी त्यातल्या कितीतरी झुडपांना आतून ओळखते. आता माझ्या तीन नव्या बहिणीही आल्या आहेत. त्यांची टोकं आत्यांनीच केली. त्या मला कामाच्या गोष्टी विचारतात आणि मी थोडा भाव खाते.

पण टोक बोथट झालं की घासावं लागतं, आणि दर वेळी घासताना मी थोडी कमी होते. छातीपर्यंत येणारी मी इतक्या वर्षांत घासून घासून वीतभर उरले आहे. कमरेएवढ्या झुडपात मी निम्म्या वाटेवरच संपते. म्हणून बरेच दिवस मी मुंगीच्या टेबलावर पेनांच्या डब्यात उभी असायचे. मुंगी येता-जाता मला बोट लावायची. डब्यातून खिळ्यावरची कात्री दिसायची. तिला गंज चढत होता, आणि मला वाटायचं, आपलंही काम झालं.

आणि आज सकाळी मुंगी धावत आली! धावत! नव्या लांब सळयांना तिने हात लावला नाही. तिने डब्यातून मला उचललं आणि तशीच परत पळत सुटली. वाटेत तिने सरांच्या खोलीत डोकावून फक्त “सर, चला,” म्हटलं, आणि सर चहा टाकून निघाले.

पट्ट्याच्या कडेला, जिथे मी पहिल्यांदा झुडपात शिरले होते, तिथे ती थांबली. तेच झुडूप, ज्याच्याबद्दल मी दुप्पट बोलले होते. त्याचा बोटभर बुंधा तिथे इतकी वर्षं वाळक्या खुंटीसारखा उभा होता. आणि त्या बुंध्याच्या कडेतून एक कोंब आला होता! करंगळीएवढा. हिरवा. त्याला इवलीशी पानं होती.

सर त्याच्याजवळ वाकले.

“मोजायचं का?” मुंगीने विचारलं.

“लांब सळई लागायची नाही याला.”

“म्हणून तर हिला आणलंय.”

सर जमिनीवर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. “आज मला मोजू दे, मुंगी.”

त्यांनी तिला मुंगी म्हणायची ही पहिलीच वेळ होती. तिने मला त्यांच्या हातात दिलं.

माझी एक विनंती आहे. तुमच्या खिडकीच्या जाळीवर किंवा जिन्याच्या कठड्यावर कुठे जोड दिसला, तर त्यावरून एकदा बोट फिरवा. त्या माझ्या बहिणी आहेत. त्यांना सांगा, की मी वितळले नाही तरी वाया गेले नाही. आणि कधी खुरट्या झुडपांजवळून गेलात तर जरा वाकून बघा. आत फार मोठं घर असतं.

आता मात्र गप्प बसते. सर मला तिरकं धरून खाली नेत आहेत. हवा, हवा, नुसती हवा... आणि हे पान, थंड, चिकट, नवं कोरं!

“एक,” सर म्हणाले.